काचेची खोली आणि एकच पाचर

आधीच सांगून ठेवते, हे सगळं खरं आहे. मी दहावीत आहे आणि माझ्या दहावीच्या मार्कांची शपथ घेऊन सांगते. मार्कांच्या बाबतीत मी किती कंजूष आहे, ते माझ्या मैत्रिणींना विचारा.

हे माझ्यासोबत घडलं नाही. माझ्या सख्ख्या मामासोबत घडलं. भागवतमामा. राहतो देऊळघाटला, काम करतो बुलढाण्यात. आणि मामा कसा, तर स्मशानाला लागून असलेल्या वावरात एकटा पाणी द्यायला जाणारा, वर तिथं मोठमोठ्यानं गाणी म्हणणारा माणूस. भूत आलंच तर तेच कानावर हात ठेवून पळेल, असं आई म्हणते.

तो मामा आता बंद खोलीत झोपत नाही.

भुताच्या गोष्टी म्हटल्या की अमावस्या आणि मध्यरात्र, नाही का? ही तशी नाही. ही भर दुपारची आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. बुलढाण्याचं पठार जिथं संपतं आणि खाली एकदम दरी लागते, त्या कडेवरच्या एका घरातली.

वाचा. फक्त वाचताना खिडकीकडे पाठ करून बसू नका.

मामाचं काम जरा वेगळं आहे. नव्या घरांना हल्ली दुहेरी काचेच्या खिडक्या बसवतात. एका चौकटीत दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. दिसायला एकदम झकास! पण वर्ष-दोन वर्षांत हँडल सैल होतं, लॉक अडकतं, बिजागऱ्या वाकतात. बसवून देणारे मग फोन उचलत नाहीत. तेव्हा लोक भागवतमामाला शोधत येतात.

त्या दिवशी नीळकंठ सरांनी बोलावलं होतं. सर कॉलेजातून रिटायर झालेले. घरात ते आणि स्वयंपाकाला, झाडलोटीला येणाऱ्या रुक्मिणीबाई. सुट्टी म्हणून पुण्याहून सून गार्गी आली होती आणि तिची चिमुकली, आरोही. चार वर्षांची, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

"भागवत, मागची काचेची खोली बघ," सर म्हणाले. "या दोघींना तिथं झोपायला बरं पडेल. पण एकही खिडकी धड राहिलेली नाही."

ही काचेची खोली म्हणजे पूर्वीची गॅलरी. सरांची बायको शकुंतलाबाई लकव्यानं अंथरुणाला खिळल्या. त्यांना पडल्या पडल्या दरी दिसावी म्हणून सरांनी गॅलरी काचेनं बंद करून घेतली. दरीकडे तीन खिडक्या. हॉलकडे एकच दार, तेही दुहेरी काचेचं. आत एक लोखंडी खाट, मधल्या खिडकीला टेकवलेली.

शकुंतलाबाई त्याच खाटेवर गेल्या. त्याला वर्ष होत आलं होतं.

मामा आत गेला. सवयीनं दार लावून पाहिलं.

आणि सगळे आवाज गेले.

घाटात चढणाऱ्या ट्रकचा आवाज गेला. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा गेला. आरोहीची टकळी गेली. ती काचेपलीकडे तोंड हलवताना दिसत होती, पण ऐकू काही येत नव्हतं. कानावर कुणी तळवे दाबून धरावेत, तसं.

मामाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं... त्यानं तर श्वास रोखून धरला होता.

त्यानं दार उघडलं. "एसीबिसी चालू हाये का हो सर इथं?"

"एसी लावलाच नाही कधी."

"अस्सं," म्हणत मामा कामाला लागला. असेल काही. कान वाजत असतील.

कडेच्या दोन खिडक्यांची हँडलं त्यानं बदलली. जुनी हातात घेऊन पाहिली, तर त्याला हसूच आलं. पांढरा रंग घासून घासून उडालेला, आतली जस्ताची चमक बाहेर आलेली. लॉकमध्ये शिरणारी चौकोनी सळई पिळून गोल झालेली.

"सर, हे हँडल रोज कोणीतरी फिरवून राह्यलं. दिवसातून शंभरदा. रहाट फिरवल्यासारखं!"

"खोलीला कुलूप असतं रे. किल्ली माझ्याजवळ असते."

"मंग तुमच्याकडचे उंदीर लय ताकदीचे हायेत बाप्पा!"

सर हसले नाहीत. ते खिडकीकडे बघतसुद्धा नव्हते. वळले आणि हॉलमध्ये जाऊन पेपर तोंडापुढे धरून बसले.

मग मामा मधल्या खिडकीकडे वळला.

तिथं दोन काचांच्या मध्ये वाफ धरली होती. असं होतं कधी कधी. काचेची कड सुटली की दमट हवा आत शिरते. मग ती पुसता येत नाही, कारण ती काचेच्या अलीकडेही नसते आणि पलीकडेही नसते. पण अशी वाफ सगळ्या काचेवर पसरते. इथं मात्र एकच ठिपका होता. हाताच्या पंजाएवढा. खाटेवरच्या उशीच्या बरोबर समोर.

मामा बघत राहिला...

ठिपका लहान झाला.

मोठा झाला.

पुन्हा लहान झाला.

काचेला तोंड लावून कुणी श्वास घेत असावं, तसा.

मे महिन्याची दुपार, अंगातून घाम गळतोय, आणि मामाच्या दंडावर काटा आला. त्यानं तळवा काचेवर टेकवला. तर तळव्याला जाणवलं... आवाज नाही, नुसता धक्का. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. आतून कुणी बोटातल्या अंगठीनं काच ठोकत असल्यासारखं.

आत म्हणजे कुठं? दोन काचांच्या मध्ये बोटभर जागा असते!

"तुले पण लागलं का हाताले?"

मामा ताडकन उडाला. मागे रुक्मिणीबाई उभ्या होत्या, हातात चहाचा कप. दाराच्या उंबऱ्यावर. आत एक पाऊलही न टाकता.

"मावशी, जीव गेला असता न माझा! काय हाये हे?"

"मले काय इचारतं? मी या खोलीत एकटी झाडू मारायले पण येत नाई." त्यांनी हॉलकडे बघून आवाज खाली आणला. "बाईची वाचा गेल्ती. काही पाह्यजे असलं का अंगठीनं काच ठोकत. पाणी नको, दूध नको. फक्त खिडकी उघडा म्हणत, बोटानं दाखवत. सर काई उघडू देत नव्हते. कडेवरचं वारं, बाईचा खोकला. त्याईचं पण चुकलं नाई म्हणा."

"मंग?"

"मंग काय, गेल्या बाई. खिडकीच्या फळीवर दिवा ठेवला. दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो न तो! आन् इथलं वारं तर तू पाह्यतंच. म्हून सरांनी सगळ्या खिडक्या लॉक करून टाकल्या. दहावं झालं, दिवा शांत झाला. मी म्हटलं, सर, आता तरी खिडकी उघडा, जाणाऱ्याले वाट द्या. आमच्याकडं तर आधी खिडकी उघडतेत, मंगच दिव्याची जागा सावरतेत. तर ही मधली खिडकी उघडेचना. हँडल नुसतं गरगर फिरे. सर म्हणले, राहू द्या, मिस्त्री बोलावू."

"अन् आता बोलावला."

"हाव. वर्षानं."

मामानं चहा एका घोटात संपवला. तोंड पोळलं तरी कळलं नाही.

आता जरा नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. खिडकीचं लॉक अडकून बसलं असेल तर मामा उलट्या बाजूनं जातो. लांब दांड्याचा पेचकस फटीत घालून बिजागऱ्यांचे स्क्रू काढतो. मग खिडकीची ती उघडणारी काच, तिला पल्ला म्हणतात, फक्त लॉकच्या जोरावर उभी राहते. नंतर लॉक कापायचं आणि अख्खा पल्ला आत ओढून घ्यायचा. पण लॉक अचानक सुटलं तर पल्ला बाहेर जाणार. आणि त्याला टेकून जो असेल तोही.

म्हणून मामाचा पक्का नियम आहे. खोललेला पल्ला सोडून हलायचं असेल तर आधी फटीत पाचर ठोकायची. बाभळीची, त्यानं स्वतः तासलेली. ती कायम त्याच्या पिशवीत असते. एकच.

बिजागऱ्या सुटल्या तेव्हा मामाला कळलं, बारीक करवत बाहेर मोटरसायकलच्या खोक्यात राहिली.

तो उठला. पाचर हातात घेतली. खिडकीकडे वळला.

आणि त्याच्या पाठीमागे दार हळूहळू लागायला लागलं.

वारा नव्हता. खोलीला फटच नव्हती, वारा येणार कुठून? तरी दार आपोआप सरकत होतं. या खोलीत कोंडलं जायचं नाही, बस्स, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं. तो धावला, पाचर दाराखाली ठोकली आणि बाहेर पडला.

पाचर खिडकीची होती. भीतीपायी ती दाराला गेली.

मामा आजही म्हणतो, "इतक्या वर्षात एकदाच नियम मोडला. एकदाच."

करवत घेऊन तो परत आला, तेव्हा हॉलमध्ये गार्गी उभी होती.

"भाऊ, आरोही तुमच्यासोबत होती का बाहेर?"

"नाई बा."

दोघांनीही एकदमच मागे पाहिलं.

काचेच्या खोलीचं दार बंद होतं.

आणि आरोही आत होती.

खाटेवर चढलेली. मधल्या खिडकीच्या काचेला दोन्ही तळवे आणि कपाळ टेकवून उभी.

मामाच्या हातातली करवत खाली पडली. त्यानं हँडल दाबलं. दार हलेना. या दारांचं असं असतं की नुसतं लोटून ते लॉक होत नाही. हँडल आतून वर उचलावं लागतं, तेव्हाच त्याचे आकडे चौकटीत बसतात. आणि ते हँडल इतकं कडक होतं की मामालाच दोन्ही हात लावावे लागले होते.

आरोहीनं ते उचललं?

मग कुणी उचललं?

"आरू! आरू, दार उघड! इकडे बघ!" गार्गी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत होती. आरोहीनं मान वळवली नाही. तिला ऐकूच जात नव्हतं. तिची आई चार पावलांवर ओरडत होती आणि तिच्यासाठी घर शांत होतं.

"बाई, थापा मारू नका!" मामा ओरडला. "ती खिडकी खोललेली हाये. निसती लॉकवर उभी हाये. हादरा बसला तर..."

गार्गीचे हात काचेवरच थिजले.

सर धावत आले. रुक्मिणीबाई आल्या. हातोडीनं दाराची काच फोडायची तर खोलीच्या सगळ्या चौकटी एकमेकींना जोडलेल्या, धक्का थेट खिडकीपर्यंत जाणार. फोडायची सोय नव्हती. लॉकच उघडायचं.

मामानं सरांजवळची किल्ली घातली. फिरेना. मग त्यानं पाना लावून, किल्ली ज्यात फिरते तो पितळी तुकडाच सरळ मोडून ओढून काढला. दाराला आरपार भोक पडलं. बोट जाईल एवढं.

आणि त्या भोकातून, पहिल्यांदाच, आतला आवाज बाहेर आला.

आरोही हसत होती.

"जोलात फिलव ना! अजून जोलात! आजी, तुला येतच नाही!"

गार्गीनं तोंडावर हात दाबला.

आणि मग दुसरा आवाज.

जड. ओढलेला. जीभ उचलत नसताना कुणी बोलावं, तसा.

"उ...घड."

नीळकंठ सर भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तिला बोलता येत नव्हतं रे," ते पुटपुटले. "भागवत, तिला शेवटी बोलता येत नव्हतं."

मामानं भोकात पेचकस घातला आणि लॉक फिरवायला सुरुवात केली. अशा वेळी ते लोण्यासारखं फिरतं. फिरलं नाही. त्यानं जोर लावला. पेचकस थोडा फिरला आणि उलटा आला. पुन्हा जोर लावला. पुन्हा उलटा आला.

आतून कुणीतरी तेवढ्याच जोरानं धरलं होतं.

आणि त्याच वेळी मामाला काचेतून दिसलं...

मधल्या खिडकीचं हँडल हलायला लागलं होतं.

आरोहीचे दोन्ही तळवे काचेवर होते. हँडलला कुणाचा हात नव्हता. ते खाली लोंबत होतं, वर्षभर नुसतं गरगर फिरणारं, आतून झिजलेलं हँडल. ते आता फिरत नव्हतं, उचललं जात होतं. सावकाश. अडखळत. एकच हात चालणाऱ्या माणसानं उचलावं, तसं.

चौकटीच्या वरून धुळीची बारीक रेघ खाली गळली. पल्ला केसभर बाहेर सरकला.

"सर!" मामा किंचाळला. "तुमचं ऐकतील त्या! बोला! काईही बोला!"

सर गुडघ्यावर बसले. तोंड त्या भोकाला लावलं.

"शकू..."

हँडल उचललं जातच होतं.

"शकू, थांब. मी आहे. अगं, पोरगी आहे तिथं. आपल्या आल्हादची पोरगी. तू पाहिलीस ना तिला? पडेल गं ती."

पल्ला अजून थोडा सरकला. आरोहीचा तोल पुढे गेला.

"खिडकी मी उघडतो. माझ्या हातानं उघडतो. आत्ताच! एकदा तरी ऐक माझं. तिला सोड. दार उघड."

हँडल थांबलं.

अर्ध्यावर. ना उघडं, ना बंद.

कितीतरी वेळ काही झालं नाही. मामाच्या हनुवटीवरून घामाचा थेंब फरशीवर पडला, तो त्याला ऐकू आला.

मग त्याच्या हातातला पेचकस... सैल झाला. पलीकडच्यानं हात काढून घ्यावा, तसा. आकडे एकामागून एक सुटल्याचा आवाज आला आणि दार आपोआप बोटभर उघडलं.

गार्गी आत झेपावणार, तेवढ्यात आरोहीच खाटेवरून उतरली. अगदी शहाण्यासारखी. आणि चालत चालत दारातून बाहेर आली.

मामानं एक गोष्ट पाहिली. त्या वेळी तो कुणाला बोलला नाही.

आरोहीचा उजवा हात वर होता. डोक्याच्या वर, थोडासा बाजूला. मोठ्या माणसाचं बोट धरून लहान मुलं चालतात ना, तसा.

गार्गीनं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं, तरी तो हात तसाच वर होता. मग हळूच खाली आला.

सर एकटे आत गेले. मामा थांबवत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. "शब्द दिलाय," एवढंच म्हणाले. ते खाटेवर बसले, उशीच्या जागी, आणि दोन्ही हातांनी पल्ला लोटला. मामा मागून त्यांची कंबर धरून उभा होता.

पल्ला गेला. काही क्षण नुसती शांतता. मग खाली दगडावर काच फुटल्याचा आवाज आला, पार खोलवरून.

आणि दरीचं वारं आत घुसलं. वर्षभराचा कोंडलेला वास, औषधाचा, तेलाचा, विझलेल्या वातीचा, सगळा एका झोतात उडाला. घाटातल्या ट्रकचा आवाज आला. पाखरांचा आला. सर लहान मुलासारखे रडले.

रुक्मिणीबाईंनी दारातूनच हात जोडले. "गेल्या बाई. सुटल्या एकदाच्या."

सगळ्यांनाच तसं वाटलं. मामालासुद्धा.

सामान आवरताना त्याला पाचर सापडली. दाराखाली नव्हती. खिडकीच्या फळीवर होती, जिथं दिवा ठेवला होता तिथं. नीट, आडवी ठेवलेली. त्यानं ती तिथंच सोडली.

इथं गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिली नसती. "आजी सुटली, सगळे सुखी" असल्या शेवटाची मला झोप येते.

नंतर मामानं ती खिडकी नवी बसवून दिली. सर ती कधीच लावत नाहीत. पावसातही नाही. फरशी भिजते तर भिजू देतात. त्या खोलीत आता काहीही होत नाही. रुक्मिणीबाई तिथं एकट्या झाडू मारतात, वर मामाला टोमणा मारतात, "काऊन बे भागवत, आता उंदीर कुठं गेले तुह्ये?"

मामा हसायचा. परवापर्यंत.

कारण परवा गार्गीचा फोन आला. मामा तेव्हा आमच्याच घरी जेवत होता. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला, म्हणून मीही ऐकला. हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"भाऊ, तुम्ही पुण्याला येऊ शकाल का? आमच्याकडे खिडक्या नवीनच आहेत. पण आरूच्या खोलीतलं हँडल सैल होतंय. इथला माणूस येऊन बदलून गेला. तो म्हणाला, आतून झिजलंय."

मामानं ताट बाजूला सारलं.

"अन् बाई... काचेले वाफ धरते का?"



"उशीसमोर," गार्गी म्हणाली. "आणि रात्री काचेवर काहीतरी वाजतं. मी आरूला विचारलं, तर म्हणते, आजीला वारं पाहिजे. भाऊ, आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो हो."

"लॉक करा खिडकी. चावी काढून आपल्याजवळ ठेवा. आजच्या आज!"

"चावी माझ्याजवळच आहे," गार्गी म्हणाली. "पण आज सकाळी हँडल अर्ध्यावर होतं."

ना उघडं, ना बंद.

फोन ठेवल्यावर मामानं आम्हाला ती वर केलेल्या हाताची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. आई म्हणाली, "म्हंजे, तुम्ही खिडकी उघडली तवा त्या खोलीत..."

"कोणीच नव्हतं," मामा म्हणाला. "दार आधी उघडलं न आपण. त्या दारातूनच गेल्या. पोरीसंगं."

मामा उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला चाललाय. मी हे लिहितेय आणि तो अंगणात बसून बाभळीचं लाकूड तासतोय. या वेळी त्यानं दोन पाचरी केल्यात. एक दाराची, एक खिडकीची.

मगाशी मी पाणी द्यायला गेले, तर मान वर न करता त्यानं मला विचारलं, "पोरी, तू हुशार हायेस. सांग बरं. खिडकी उघडली तर लेकरू तिथं हाये. अन् दार उघडलं, तर त्या घरभर. मंग मी तिथं जाऊन आधी काय उघडू?"

मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर येतं, असं सगळा वर्ग म्हणतो.

मी तांब्या तिथंच ठेवला आणि हे लिहायला बसले.